पाय कुठे ठेवायचा?

बेल्जियममधल्या एका जुन्या चर्चमध्ये शिरताच बायको थबकली. "अहो, खाली नावं आहेत!"

फरशीत थडगी होती आणि लोक बूट घालून त्यांच्यावरून खुशाल चालले होते. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारे आम्ही. इथे वाटच माणसांवरून होती. बूट हातात घेऊन, अक्षरं चुकवत, कसेबसे एका कोऱ्या, गुळगुळीत दगडावर पोचलो. तिथे जिवात जीव आला. मग माना वर करून बराच वेळ रंगीत काचा पाहिल्या.

निघताना हिनं खाली पाहिलं आणि माझा दंड घट्ट धरला. दगड कोरा नव्हताच. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पावलांनी नाव पुसलं होतं. उरलेलं एकच अक्षर माझ्या टाचेखाली होतं.