प्रोसेसरवरची कुंभारीण

लग्नांचे व्हिडिओ जुळवून द्यायचं काम मी कोल्हारला घरीच करते. शूटिंग दुसरे करतात, कापाकापी आणि गाणी माझ्याकडे. त्यासाठीचा कॉम्प्युटर मुलीने आणि मी तिच्या सुट्टीत सुटे भाग मागवून, मोबाईलवर बघत बघत जोडला होता. मग ती शिकायला पुण्याला गेली आणि त्याची दुखणी माझ्या वाट्याला आली.

वैशाखात तो तापायला लागला. मोठी फाईल तयार करायला लावली की पंखा ओरडायचा, प्रोसेसरचं तापमान पंच्याण्णवच्या पुढे जायचं, आणि नवरी हार घालायला हात उचलते न उचलते तोच सगळं बंद. ती बिचारी रोज हार उचलायची आणि रोज अंधारात जायची.

विजेचा दाब कमीजास्त होत असणार, असं आमच्या ह्यांचं मत पडलं. विहिरीवरची मोटर जळाली तरी त्यांचं हेच मत असतं. त्यांनी माळ्यावरचा जुना स्टॅबिलायझर आणून लावला. सासूबाईंनी खोलीतला पाण्याचा कूलर ओढत कॉम्प्युटरच्या तोंडाशी आणला. टेबलावरचे कागद ओले झाल्यावर तो मी परत नेला. धूळ असेल म्हणून रंगाच्या ब्रशने झटकून पाहिलं. पंखा तर छान फिरत होता. शेवटी मुलीने फोनवर सांगितलं, प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावरचा धातूच्या पात्यांचा ठोकळा यांच्यामधली पेस्ट वाळली असेल, नवी लाव.

पेस्ट आली त्या दुपारी मी तो ठोकळा उचलला आणि त्याचा पंखा सोडवला. पंख्यामागे, पात्यांच्या फटी बुजवून, प्रवरेकाठच्या मातीची बोटाएवढी घरं एकाशेजारी एक बांधलेली होती. उन्हाळा लागला तेव्हाच हवा खेळावी म्हणून बाजूचा पत्रा मीच काढून ठेवला होता, आणि मध्ये आम्ही सगळे मुलीकडे जाऊन राहिलो होतो. तेवढ्यात कुंभारीण माशीने जागा हेरली. पंखा फिरत होता, पण वारा त्या मातीवर आपटून परत येत होता.

मी स्क्रूड्रायव्हरचं टोक लावणार, एवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या.

"हात लावू नको," त्या म्हणाल्या. "कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. पिल्लं उडाल्याबिगर मोडायचं न्हाई."

"आई, मी चव्वेचाळीस वर्षांची आहे."

"तुझं नाव कुनी घेतलं?"

हे दारात उभे होते. म्हैसही घरातलीच आहे, असं त्यांनी सुचवलं. सासूबाईंनी नुसतं बघितलं, तसे ते ऊस भिजवायला निघून गेले.

मला राग आला होता. पण त्यांनी दोन्ही हातांनी, मान सांभाळून तान्हं बाळ घ्यावं तसा तो ठोकळा घेतला आणि खिडकीत सावलीला ठेवला. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मुलीने हसत हसत दुसरा ठोकळा मागवला. तो येईपर्यंत काम बंद.

मग नवरदेवाच्या आईचा फोन आला. मशीन बिघडलंय, हे कारण त्यांनी माझ्याकडून आधीही ऐकलं होतं, त्यामुळे आवाज चढलेला. सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सरळ सांगून टाकलं, "अवो, त्या मशीनमधी कुंभारीण बसली हाय." मी डोळे मिटले. पलीकडून त्या बाईंनी विचारलं, घरं किती आणि तोंडं लिंपलेली आहेत का. पुढे दोघी कुणाच्या देव्हाऱ्यात, कुणाच्या शिलाई मशीनमध्ये माशीने घर केलं आणि कुणाची सून किती वर्षांनी गरोदर राहिली, ते बोलत बसल्या. शेवटी फोन माझ्याकडे आला.

"त्या म्हनत्यात, घाई न्हाई."

पण बातमी फुटली. पिठाच्या गिरणीत एकीने माझ्या हातातला डबा काढून घेतला, जड उचलू नका म्हणाली. शेजारून कैऱ्या आल्या. मुलीचा फोन आला की पुणतांब्याची आत्या विचारतेय, आईला कितवा महिना. माशी आहे म्हणून सांग, असं मी म्हटलं. तिने ते सांगितलं होतं, पण आत्याला पटलं नव्हतं.

नवा ठोकळा बसवला, पेस्ट लावली. तापमान साठच्या पुढे जाईना. नवरीने एकदाचा हार घातला.

सासूबाई रोज भाजी निवडायला खिडकीशीच बसायच्या. पण पिल्लं उडाली ती नेमकी त्या आंघोळीला गेल्यावर. घरांना गोल भोकं पडलेली दिसली तेव्हा त्या थोड्या हिरमुसल्या. पात्यांना अगदी चिकटलेलं एक घर मात्र बंदच राहिलं.

दुसऱ्या दिवशी नवरदेवाच्या आई व्हिडिओ न्यायला आल्या. माझ्या खुर्चीत बसून त्यांनी स्वतः दिसेपर्यंतचा भाग पाहिला, साडीचा रंग असा नव्हता म्हणाल्या, आणि त्या मातीची चौकशी केली. सासूबाईंनी थोडी कागदात बांधून दिली. पुडी कमरेला खोचून बाई समाधानाने निघाल्या. पेन ड्राईव्ह टेबलावरच राहिला. तो द्यायला हे मोटरसायकल घेऊन स्टँडपर्यंत त्यांच्यामागे गेले.