टोपलीतला आवाज

आमच्या मुलीच्या मोबाइलमधला गेम ठेवायचा की कायमचा काढून टाकायचा, या एका प्रश्नावर आमच्या घरात जेवढी भाषणं झाली तेवढी महापालिकेच्या निवडणुकीतही झाली नसतील. मुलगी अकरावीत. गेम चौघांचा. चार जण आपापल्या घरी बसून, कानात हेडफोन घालून, एकाच बेटावर उतरतात आणि समोर दिसेल त्याला गोळ्या घालतात. आमची कन्या या चौघांची कॅप्टन. जेवायला ये म्हणून जिला घसा बसेपर्यंत हाका माराव्या लागतात, ती तिथे लोकांना हुकूम सोडते आणि लोक ते ऐकतात, याचं मला मनातून फार कौतुक वाटायचं. बायकोसमोर मी ते बोलून दाखवत नसे. मला संध्याकाळचा चहा हवा असतो.

बायकोचा खटला नेहमी गोळ्यांपासून सुरू व्हायचा.

"खून करू नकोस, ही आज्ञा तुला शिकवली होती ना गं?"

"मम्मी, बायबलात दावीदाने गल्याथाला काय झेंडूचा हार घातला होता?"

"दावीद एकदाच खेळला. रोज संध्याकाळी नाही."

यावर मी मोठ्यानं हसलो आणि दोघींचे डोळे एकदम माझ्याकडे वळले.

गोळ्यांचं मला खरोखर भय नव्हतं. खुपायचं ते वेगळंच. जेवताना मुलगी समोर असायची आणि नसायची. माझी आत्या शेजारच्या घरात राहते. ऐंशी ओलांडलेली, पण जिभेला अजून विशी. ती रोज तिन्हीसांजेला येऊन नातीला दिवसभराची हकिकत सांगायची आणि नात मोबाइलवरची नजर न हलवता "हं, हं" करायची. एकदा आत्या सांगता सांगता म्हणाली, "आणि मग दुपारी मी मेले."

"हं, छान," नात म्हणाली.

आत्या पोट धरधरून हसली. त्या दिवशी मला मात्र हसू आलं नाही.

अशात ऑक्टोबर आला. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसरात, हा जपमाळेचा महिना. महिनाभर मारियामातेची मूर्ती आळीतून फिरते, आज या घरी, उद्या पलीकडच्या. ज्या घरी मूर्ती, त्या घरी संध्याकाळी सगळी आळी जपमाळेला जमते. महिन्याच्या पहिल्याच रविवारी फादरांनी प्रवचनात मोबाइल काढला, म्हणजे विषय काढला. "तरुणांनो, खेळणं हे पाप नाही," ते म्हणाले, "पण ज्या गोष्टीला तुम्हाला थांब म्हणता येत नाही, ती तुमचा देव झाली असं समजा." मग त्यांनी एक युक्ती सुचवली. मूर्ती येईल त्या घरी दाराशी एक टोपली ठेवा, सगळ्यांचे मोबाइल तिच्यात जमा करा आणि टोपली मारियामातेच्या पायाशी नेऊन ठेवा.

मुलीला प्रवचनाचं पहिलं वाक्य ऐकू आलं, बायकोला दुसरं. घरी येताना गाडीत एक वाक्य पुढे बसलं होतं, एक मागे, आणि मी मुकाट्यानं गाडी चालवत होतो.

घरी पोचेपर्यंत करार ठरला. मूर्ती आपल्याकडे येईल त्या संध्याकाळी मुलीनं वेळेवर, हेडफोनशिवाय, पहिल्या रांगेत उभं राहायचं. त्या संध्याकाळी गेममुळे जरा जरी घोळ झाला, तर गेम डिलीट. कायमचा. दोघींनी हात मिळवले. साक्षीदार मी.

आमचा दिवस आला. टेबलावर लेसचं कापड, निर्मळहून आणलेला सोनचाफा, दाराशी वेताची टोपली आणि तिच्यावर झाकायला विणलेला रुमाल. सगळं साग्रसंगीत. फक्त आळी आली वेळेच्या आधी. कारण आमच्या आळीत प्रार्थना सांगणारे काका. त्यांनी त्या संध्याकाळची क्रिकेटची मॅच लक्षात घेऊन जपमाळ परस्पर अलीकडे ओढली होती. फाटकाशी गाणं ऐकू आलं तेव्हा मुलगी आतल्या खोलीत बेटावर लढत होती. ती धावत बाहेर आली, हेडफोनची वायर उपटली, मोबाइल होता तसाच टोपलीत टाकला, वर रुमाल ओढला, टोपली मूर्तीच्या पायाशी ठेवली आणि हात जोडून पहिल्या रांगेत उभी राहिली. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू लेक आजच नन व्हायला निघाली होती.

काकांनी जप सुरू केला. त्यांचा वेग त्या दिवशी असा होता की 'नमो मरिया'तली 'मरिया' पोचायच्या आत आम्ही उत्तर देऊन मोकळे होत होतो. आणि ऐन रंगात, मूर्तीच्या पायापासून, खणखणीत पुरुषी आवाज आला.

"मागे आहे! मागे बघ!"

सगळी आळी मागे वळली. मागे आमचं चपलांचं कपाट होतं.

"खाली! खाली बसा सगळे!"

गुडघेदुखीमुळे महिनाभर खुर्चीतून जप करणाऱ्या दोन मावश्या खाडकन गुडघ्यांवर आल्या. काकाही टेकले. मी धर्मग्रामाच्या येशूच्या नाटकात पिलात सुभेदाराची भूमिका गाजवलेला माणूस, रंगमंचावर काहीही घडलं तरी विचलित होत नाही असा माझा लौकिक आहे. मी अर्धा वाकलो होतो.

"कॅप्टन, बोल ना यार! कुठे आहेस तू? मी एकटा पडलोय इकडे!"

आता बायकोच्या लक्षात आलं. तिनं मुलीकडे पाहिलं. मुलीनं मूर्तीकडे पाहिलं. मूर्तीनं, माझ्या नीट आठवणीत आहे, कुणाचीच बाजू घेतली नाही.

पहिला आवाज फुटला आत्याचा. ती आमच्या घरच्या बोलीत बोलली, इथे मी ते सरळ करून लिहितो.

"कोण गं एकटा पडलाय?"

"आजी, माझ्या टीममधला मुलगा आहे. गोखिवऱ्याचा. त्याला वाटतंय मी त्याच्या बाजूलाच आहे."

"आणि तू इथे?"

"हो."

"त्याला सांगून नाही आलीस?"

"घाई झाली."

"मग सांग की जाऊन! माणसाला असं बोलता बोलता टाकून येतात होय? मारियामाता थांबेल. तिला सवय आहे आपली."

"पण लवकर," गुडघ्यांवरूनच काका म्हणाले, "टॉस झाला असेल."

मुलीनं रुमाल बाजूला केला. हेडफोन नव्हताच, त्यामुळे पुढचं सगळं आळीनं ऐकलं.

"अरे, मी प्रार्थनेला बसलेय. आमच्याकडे मूर्ती आलीय. मी जाते, तू खेळ."

"सॉरी सॉरी, मला माहीत नव्हतं. आता सगळे ऐकतायत?"

"सगळे."

मग तिकडून, "नमस्कार."

"नमस्कार," सगळी आळी एका सुरात म्हणाली. सूर जपाचाच होता, तोंडात बसलेला.

"कॅप्टन, एक बोलू? पुढच्या महिन्यात माझा एम-थ्री आहे. तिकडे माझं पण नाव घे ना."

एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर. आमच्याकडे जपाच्या शेवटी लोक आपापली मागणी सांगतात आणि कुणी प्रार्थना मागितली तर नाही म्हणायची रीत नाही. काकांनी त्याचं नाव विचारून घेतलं आणि शेवटी आजारी माणसं, परदेशी गेलेली मुलं आणि विरारच्या दवाखान्यातली एक बाळंतीण यांच्यासोबत गोखिवऱ्याचा एम-थ्रीही मारियामातेच्या स्वाधीन झाला. उकडलेले चणे आणि केळी वाटताना एका मावशीनं मला हळूच विचारलं, "ऑपरेशन कधी आहे त्याचं?"

लोक गेले. बायकोनं हात पुढे केला.

"ठरलं होतं," ती म्हणाली.

"हो," मुलगी म्हणाली. रडली नाही, भांडली नाही, मोबाइल देऊन टाकला. तिचा चेहरा मात्र पाहवत नव्हता. बायकोचं बोट गेमच्या चौकोनावर गेलं आणि तिथेच थांबलं.

"याचा पेपर कसा गेला, ते कसं कळणार मग? नंबर आहे त्याचा?"

"नाही. आम्ही गेममध्येच बोलतो."

बायको पेचात पडली. आख्ख्या आळीनं ज्याचं नाव घेतलं, त्याचा निकाल न कळता त्याला सोडून द्यायचं?

"निकाल लागेपर्यंत राहू दे," ती शेवटी म्हणाली. "निकालाच्या दिवशी डिलीट."

मी तोंड फिरवून चण्यांचं पातेलं घासायला घेतलं. लग्नानंतर प्रथमच.

निकाल नाताळानंतर लागला. मुलीनं जेवताना खाली मान घालून सांगितलं, "केटी लागली त्याला."

"नापास?" बायकोनं वाढायचा डाव खाली ठेवला. "सगळ्या आळीनं प्रार्थना करून? दे तो मोबाइल."

मुलीनं गेम उघडला, स्पीकर लावला. ती आणि मी भिंतीला टेकून ऐकत होतो.

"मी कॅप्टनची आई. रोज किती खेळतोस तू?"

"नमस्ते आंटी. थोडंसंच."

"खरं सांग. मारियामातेसमोर नाव घेतलंय तुझं."

"चार तास, आंटी. कधी पाच."

"आई ओरडत नाही?"

"मम्मी कंपनीच्या गाळ्यात जाते, पॅकिंगला. ती येईपर्यंत घरात कोणी नसतं ना."

बायकोचा आवाज खाली आला, पण मोडला नाही. "हे बघ बाळा. मारियामाता तुझा पेपर लिहायला येणार नाही. तुझी रदबदली करायची तर तिच्या हातात तू काहीतरी द्यायला नको? केटी सुटेपर्यंत गेम बंद."

"आंटी, रोज एक तास?"

"नाही."

"अर्धा?"

"नाही."

"रविवारी तरी?"

"रविवारी एक तास. चर्चनंतर."

"पण मी चर्चला जात नाही, आंटी."

"मग आमच्या चर्चनंतर."

मुलीनं तोंड उघडलं. "मम्मी, त्याच्याशिवाय आमची टीमच होत नाही."

"मला माहीत आहे," बायको म्हणाली आणि तिनं भात वाढून घेतला.

त्या रविवारपासून चौघांचीही बेटावरची लढाई आठवड्यातून एकदाच होऊ लागली. एरवीच्या दिवशी मुलगी आधी चिडचिड करायची, मग कंटाळायची, मग कंटाळूनच आत्याजवळ जाऊन बसायची. आत्यानंही संधी साधली आणि रोज एकदा तरी मेल्याचं सांगून तिची परीक्षा घेऊ लागली.

काही रविवारांनी चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादर दाराशी भेटले. "काय मग, गेम काढला का मुलीचा?"

"नाही, फादर," बायको म्हणाली. "सध्या चौघं आहेत माझ्याकडे."

फादरांना काही उलगडेना. मी उत्साहानं सगळं सांगायला पुढे झालो, पण तिनं मला कोपरानं मागे सारलं.

"फादर, सेमिनरीत जायच्या आधी तुम्ही बीएस्सी केलं होतं ना? गणितात?"

"हो, पण त्याला आता किती वर्षं—"

"गोखिवऱ्याहून एक मुलगा आहे," ती म्हणाली. "शनिवारी दुपारी पाठवते."