ओतूरच्या बाजूचा जोड

श्री. दामोदर साळवे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते ओतूरच्या रस्त्याकडेला, एका खड्ड्यात. चारी बाजूंनी ताडपत्री बांधून ते आत मांडी घालून बसले होते. मी टेलिफोन खात्यात नवा अभियंता म्हणून रुजू झालो होतो. ओतूर माझेच गाव. आजोबांनी मारवाडातून येऊन इथे कापडाचे दुकान घातले होते. त्याच गावात साहेब होऊन आल्याची ऐट माझ्या अंगात होती. मी ताडपत्री उचलून डोकावलो.

"साहेब, वारं आत येतंय. एक तर पुरतं आत या, न्हाईतर बाहीर थांबा."

मी आत जाऊन उकिडवा बसलो. केसाएवढे बारीक काचेचे दोन तंतू त्यांनी स्पिरिटने पुसले, सरळ कापले आणि यंत्रात टोकाला टोक लावून ठिणगीने जोडले. "उजेडाला कळता कामा नये, हितं तुटलं व्हतं म्हणून," ते म्हणाले. प्रकाशातून संदेश कसा जातो हे मी पुस्तकात वाचले होते. तो कशामुळे अडतो हे मला त्या खड्ड्यात समजले.

आज मी पुण्यात हाच विषय शिकवतो. प्रकाशाच्या वेगाने धावणारे संदेश एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर कसे वळवायचे, म्हणजेच स्विचिंग, हे माझे विद्यार्थी माझ्याकडून शिकतात. साळवे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ काढणाऱ्या मंडळींना म्हणूनच माझा लेख हवा होता. पण या ग्रंथात लिहिण्याचा अधिकार मी पूर्वीच गमावला आहे. कसा, ते सांगितल्याशिवाय त्यांचा गौरव करणे मला शक्य नाही.

त्या काळी ओतूर, जुन्नर, घोडेगाव आणि मंचर यांना जोडणारी फायबरची लाइन आम्ही वर्तुळात टाकली होती. एका बाजूने केबल तुटली, तर पापणी लवायच्या आत संदेश उलट्या बाजूने वळावेत, अशी सोय होती. दुरुस्ती करताना मात्र ही सोय काही वेळ बंद ठेवावी लागते. त्याला आम्ही 'लॉकआऊट' म्हणत असू. साळवे त्याला 'कुलूप' म्हणत. काम संपले की कुलूप काढायचे, एवढा साधा नियम.

एका संध्याकाळी मी यंत्रातला एक भाग बदलला आणि कुलूप न काढताच घरी गेलो. मुलीकडची मंडळी मला पाहायला यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडेगावजवळ रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने केबल तोडली. संदेश उलट्या बाजूने वळायला हवे होते. ते वळले नाहीत. घोडेगावपासून डिंभ्यापर्यंतचे सगळे फोन मुके झाले.

नेमके त्याच सकाळी डिंभ्याच्या धरणातून घोड नदीत पाणी सोडायचे होते. खालच्या गावांना फोन लागेना, म्हणून मोटारसायकलवर माणूस पाठवला गेला. तो पोचला तेव्हा पाणी आधीच आले होते. डिंभ्याच्या हिराबाई नावाच्या मासेमारी करणाऱ्या बाईंचे पती पात्रात जाळी काढत होते. होडी आणि जाळी वाहून गेली. ते स्वतः एका खडकाला धरून राहिले आणि गावकऱ्यांनी दोर टाकून त्यांना ओढून काढले.

साळवे यांनी भर उन्हात केबल जोडून दुपारपर्यंत फोन सुरू केले. तिथून ते ओतूरला परत आले, हात धुतले आणि यंत्राच्या पडद्यासमोर उभे राहिले.

"साहेब, कुलूप कालचं तसंच ऱ्हायलं व्हतं. आत्ता काढलं मी."

मी "हं" म्हणालो. त्या खोलीत आम्ही दोघेच होतो.

तिसऱ्या दिवशी हिराबाई कार्यालयात आल्या. त्यांनी फाटक्या जाळ्याचा एक तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. "फोन लागला असता तर आमचं मालक पाण्यात उतरलं नसतं, भाऊ. तुमची लाइन मेली कशानं?"

"तपास चालू आहे," मी म्हणालो.

साळवे दारात उभे होते. ते पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, चूक आमचीच हाय."

त्यानंतर कित्येक रविवार ते डिंभ्याला जाऊन त्या कुटुंबाबरोबर नवी जाळी विणत बसले. बसचा भरवसा नव्हता, म्हणून कधी कधी सायकलवर जात. मला त्यांनी कधीच चला म्हटले नाही, आणि मीही गेलो नाही.

मी अहवाल लिहिला. पर्यायी मार्ग का चालला नाही, या रकान्यात मी लिहिले : "ओतूरच्या बाजूचा जोड सदोष." तो जोड साळवे यांचा होता. त्याखाली आणखी एक वाक्य मी घातले : "संबंधित कर्मचाऱ्याने ग्राहकासमोर चूक मान्य केली आहे." खात्याच्या वतीने, आणि खरे तर माझ्या वतीने, एका माणसाने मागितलेली माफी मी त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली.

त्यांना लेखी ताकीद मिळाली. जोडणीच्या कामावरून काढून त्यांना जुन्नरच्या भांडारात बसवले गेले. या सगळ्या भागातला सर्वांत कसबी हात निवृत्तीपर्यंत खिळे आणि वायरची बंडले मोजत राहिला. पुढे मला बढती मिळाली आणि मी पुण्याला गेलो.

निवृत्तीनंतर साळवे यांनी ओतूरच्या महाविद्यालयात जोडणीचा वर्ग सुरू केला. या ग्रंथातले बहुतेक लेख त्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे आहेत. कुणाचा जोड बिघडला, तर सर रागावत नाहीत, "परत काप" एवढेच म्हणतात, असे सगळ्यांनी लिहिले आहे. बोरी बुद्रुकच्या एका मुलीचा जोड अकराव्यांदा जमला, तोवर ते तिच्याशेजारी उभे होते. मी एकदा त्या वर्गाला पाहुणा म्हणून गेलो होतो. त्यांनी मुलांना माझी ओळख करून दिली ती "स्विचिंगमधला लई मोठा माणूस" अशी. मी हार घालून घेतला.

इतकी वर्षे मी स्वतःला एक गोष्ट सांगत आलो होतो. साळवे यांना सत्य माहीत होते, पण त्यांनी मोठ्या मनाने मला वाचवले आणि मौन पाळले, अशी ती गोष्ट. ती मला सोयीची होती. हा लेखही मी त्याच धर्तीवर लिहायला घेतला होता. लिहिण्याआधी त्यांना विचारावे, म्हणून गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला. मी धीर करून म्हणालो, "त्या वेळी तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात."

ते गाळणी धुता धुता थांबले.

"गप? गप कुठं व्हतो मी? चौकशीत सांगितलं व्हतं, कुलूप साहेबांकडून ऱ्हायलं म्हणून. लिहूनबी दिलं. म्हनलं, मशीन लावून माझा जोड मोजा. कुणी मोजला न्हाई."

त्यांनी गाळणी बाजूला ठेवली.

"त्यांनी तुमाला इचारलं असंल की. तुमी एकदा हो म्हनला असता तर भागलं असतं."

मला विचारले होते. साळवे यांनी काही निवेदन दिले आहे, असेही सांगितले होते. "त्यात तथ्य नाही," असे म्हणून मी ते वाचायलाही घेतले नाही. आणि माझ्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. माझे पद मोठे होते. आडनावांचाही हिशेब त्यात झाला असेल, असे साळवे कधी म्हणाले नाहीत. मी मात्र आज ते नाकारू शकत नाही.

मी माफी मागितली. त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला.

"माफीचं ऱ्हाऊ द्या. मला राग व्हता, लई वर्सं व्हता. आता किती हाय ते मलाबी ठावं न्हाई. तुमी पुस्तकात लिवनार हाय ना? मग येवढं लिवा, जोड चांगला व्हता. पोरं वाचत्यात."

म्हणून या ग्रंथाच्या सर्व वाचकांसमोर, आणि विशेषतः त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर, मी लिहितो : ओतूरच्या बाजूचा जोड निर्दोष होता. चूक माझी होती. अहवाल खोटा होता आणि तो मी जाणूनबुजून लिहिला होता.

हेच सारे मी खात्यालाही सही करून कळवले आहे आणि साळवे यांच्या सेवापुस्तकातली ताकीद रद्द करावी, अशी विनंती केली आहे. उत्तर यायला किती काळ लागेल, सांगता येत नाही. साळवे यांची नजर आणि हात तोवर आजच्यासारखेच स्थिर राहोत. ते उत्तर त्यांना चष्म्याशिवाय, स्वतः वाचता येवो. आणि ते वाचून झाल्यावरही वर्गात जायला त्यांच्यापुढे पुष्कळ निरोगी वर्षे असोत.