भरताच्या वासाचं अंगण

ढोबळी मिरची भाजल्याचा वास आला की मला जपानमधल्या कोबेतला तो रविवार आठवतो. आई गेल्यावर मी बाबांना पुण्याहून इथे आणलं होतं, पण ते दिवसभर खिडकीशी गप्प बसून असत. आईचा विषयही काढत नसत. त्या दिवशी फिरून येताना आमच्या गल्लीतल्या क्रोएशियन सांस्कृतिक केंद्रापाशी ते थबकले. "कुणीतरी भरताचं वांगं भाजतंय," म्हणाले आणि सरळ आत शिरले. अंगणात निखाऱ्यांवर लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होत्या आणि शेजारपाजारच्या जपानी बायका गप्पा मारत त्या सोलत होत्या. केंद्र चालवणाऱ्या क्रोएशियन आजींनी बाबांना स्टूल दिलं, तसे तेही बोटं पाण्यात बुडवत भराभर सालं काढू लागले. "यांना कुणी शिकवलं?" आजींनी मला जपानीत विचारलं. मी तो प्रश्न बाबांना मराठीत सांगितला. "सांग त्यांना, माझ्या बायकोनं," बाबा म्हणाले, आणि मग आईबद्दल बोलतच राहिले. मी ते जपानीत सांगत होते, आणि सगळ्या जणी हातातलं काम थांबवून ऐकत होत्या. आता बाबाही नाहीत. त्यांच्याविषयी कुणाशी बोलावंसं वाटलं, की मी त्या अंगणात जाते. या शहरात त्यांना ओळखणारी माणसं तिथेच आहेत.