अळणी रस्सा

माझ्या हाताला चव नाही, हे मला परकर नेसायच्या वयातच कळलं, आणि तेही वडिलांच्या तोंडून. ते नाशकात तांगा हाकायचे. त्या थंडीत त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच. खोकल्यातून रक्त पडायला लागलं, तेव्हा ते बरे व्हावेत म्हणून आईने गंगेवर जाऊन गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घातली म्हणजे वशाट बंद; मटण-कोंबडी खायची नाही, शिवायचीही नाही. आणि पुढच्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलेलं नाही, कोंबडीचं सूप द्या. आता देवाला काय म्हणावं?

ते काम माझ्या गळ्यात पडलं. परसात तीन दगडांची चूल मांडली, वशाटाचं पातेलं वेगळं काढलं. कोंबडी शेजारचे मुलाणी चाचा कापून द्यायचे. पुढचं सगळं मी, आणि आई दाराआड पाठ फिरवून बसलेली.

"ऊन पाण्यात बुडव. उकळतं नको, कातडं सोलवटेल."

पिसं उपटली की कोंबडी जाळावर धरायची. बारीक लव जळून घाणेरडा वास सुटायचा.

"पोट चिरताना पित्त फोडशील. सगळं कडू होईल, बाई."

मग हळद, मीठ, आलं, लसूण, आणि मंद जाळ. तिखट नाही, मसाला नाही. मीठ असलं तरी आमच्याकडे याला अळणीच म्हणतात. आजाऱ्याचं आणि लहान पोरांचं खाणं. आईला चाखता येत नव्हतं. ती वासावरूनच सांगायची, मीठ कमी पडलंय म्हणून.

वडील दोन घोट घ्यायचे आणि वाटी बाजूला सारायचे. "तुझ्या आईच्या हातचं नाही हे," म्हणायचे. मला असा संताप यायचा. माझे हात पोळलेत, नखांत रक्त बसलंय, आणि यांना चव सुचतेय. पण माणूस डोळ्यांदेखत चिपाड होत चालला होता. भीती वाटायची, फार वाटायची. आई दाराआडून सगळं ऐकायची.

एका सकाळी मी कोंबडी घेऊन परसात आले, तर चुलीपाशी आई. गळ्यात नुसतं मंगळसूत्र. माळ देव्हाऱ्यात ठेवून आली होती.

"आई, अगं, नवस बोललीस ना?"

"आण इकडे," ती म्हणाली.

तिने भराभरा पिसं काढली, पोट साफ केलं, पातेलं चढवलं. रडली नाही. मला वाटतं, तिला देवाचा रागच आला होता. रस्सा उकळल्यावर तिने पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाखला, आणि चिमूटभर मीठ टाकलं.

वडिलांनी आधी तिच्या गळ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता वाटी ढकलून देतात. पण त्यांनी ती तोंडाला लावली आणि रिकामी करूनच खाली ठेवली. वर आणखी मागितलं. पुढे रोज आईच करायची, आणि ते रोज वाटी संपवायचे. तरी महिना काही निघाला नाही. ते गेले.

दहाव्याला आत्या चारचौघांत म्हणाली, "माळ उतरवलीस आणि माझ्या भावाला खाल्लंस." तिच्या झिंज्या उपटाव्यात असं मला वाटलं. आई खाली मान घालून बसली होती. गळ्यात आता ना माळ होती, ना मंगळसूत्र.

"उपाशी नाही गेले, वन्सं," ती म्हणाली.