दुसरी नळी

"फडकें धवें येवंक जाय."

कुठलीही नळी गाडीला लावण्यापूर्वी मेस्त, म्हणजे आमच्या गॅरेजचे मिस्त्री, हे म्हणायचेच. आधी नळी पेट्रोलने धुवायची, मग तारेला पांढरं फडकं बांधून एका टोकाने आत घालायचं आणि दुसऱ्या टोकाने ओढायचं. काळं आलं, पुन्हा धुवा. करडं आलं, पुन्हा धुवा. तांदळातला खडा शोधावा तसं ते फडकं उन्हात धरून बघायचे. फडकं पांढरं आलं की नळी पास.

त्या काळी डिचोलीत तुमचं येणंजाणं असेल, तर त्यांचं गॅरेज तुम्ही बाहेरून पाहिलं असेल. खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला, लाल धूळ बसून कौलांसारखे दिसणारे पत्रे. गोवा राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती. खनिजाचे ट्रक दिवसभर ओळीने जायचे आणि त्यातला एखादा आमच्या दारात येऊन बसायचा. मी बांद्याहून आलेला पंचवीस वर्षांचा फिटर. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. बांद्याचा, म्हणून 'बांदेकार'.

चहाच्या दुकानात तेव्हा कोंकणी की मराठी यावरून वाद चालायचे. कुठल्या बाजूचे म्हणून कुणीतरी मेस्तना डिवचायचं, "मेस्त, तुमी खंयच्या वटेन?"

"हांव उलयतां कोंकणी, वाचतां मराठी, आनी इंजिनाक गाळी घालतां पोर्तुगीज."

"पोर्तुगीज कित्याक?"

"आमच्या भाशेंत घातल्यार ताका वायट दिसता!"

ट्रक दुरुस्त करणाऱ्या या माणसाकडे एक दिवस लाल रंगाची, दोन दारांची जपानी गाडी आली. टर्बोवाली. तशी गाडी आम्ही कॅलेंडरवरच पाहिली होती. एका ट्रक कंत्राटदाराच्या धाकट्या भावाची ती, आणि त्याला ती घाटात पळवायची हौस. चढावर तेलाचा काटा वर जायचा. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तेल फार तापलं की तो थर टिकत नाही. मेस्त दोन दिवस गाडीभोवती नुसते फिरले. मग म्हणाले, रेडिएटरच्या पुढे मोठा ऑइल कूलर बसवूया, आणि नळ्या जाड घालूया.

कूलर मुंबईहून आला. त्याचे पाय त्यांनी स्वतः पत्रा वाकवून केले. नळ्या कापायचं आणि धुवायचं काम माझं. एक नळी गाळलेलं तेल कूलरकडे नेणारी. दुसरी, थंड झालेलं तेल इंजिनात परत आणणारी. म्हणजे या दुसऱ्या नळीत काही राहिलं, तर पुढे ते अडवायला गाळणी नव्हती.

आता सांगतो. आजवर कुणाला सांगितलं नाही.

त्या दुपारी मला दोडामार्गला मुलगी बघायला जायचं होतं. पहिली नळी मी नीट धुतली. मग वाटलं, आता कामं झालीच, म्हणून लिंबू आणि साबण लावून हात घासले, नखं काडीने कोरली. हात असे स्वच्छ झाल्यावर लक्षात आलं, दुसरी राहिली. पुन्हा पेट्रोलमध्ये हात घालायचे, आणि त्याच वासाच्या हातांनी मुलीच्या घरचे पोहे घ्यायचे? मी नळीत कॉम्प्रेसरची हवा मारली आणि ती बाकावर ठेवली.

मेस्त गाडीखाली होते. तिथूनच विचारलं, "बांदेकारा, दुसरी धुली मरे?"

"धुतली, मेस्त."

"फडकें?"

"पांढरं."

माणसाने सांगितलं की ते पुन्हा बघत नसत. "हाड तर," म्हणाले, आणि खालून हात पुढे केला. मी नळी त्या हातात दिली.

मुलीने होकार दिला. ती आज माझी बायको आहे, आणि तिलाही हे माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी दोरीने ओढून आणली. चढावर निळा धूर झाला आणि टर्बो धरला, दांडा फिरायचाच थांबला. गाडीचा मालक बाहेर मेस्तशी बोलत होता, तेवढ्यात मी टर्बोला तेल देणारा पोकळ बोल्ट काढला. त्याच्या बारीक भोकात रबराचा एक काळा कण बसला होता. मोहरीएवढा. नळी कापताना पडलेला भुसा. मी तो टाचणीने काढला आणि पायाखाली मातीत घासला. पहिलं पाप आळसाचं होतं, एकवेळ म्हणता येईल. हे तसं नव्हतं.

मेस्तनी सगळं खोललं. पंप बघितला, बेअरिंग बघितलं, आपणच घेतलेली मापं पुन्हा घेतली. कारण सापडेना. मालक चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने हळू आवाजात वय काढलं, "मेस्त, आतां पिराय जाली न्हय तुमची?"

मेस्त आपल्या हातांकडे बघत राहिले.

त्या सोमवारी त्यांनी गावच्या देवाला कौल लावला. मी नारळ घेऊन सोबत. भटजींनी ओल्या पाकळ्या मूर्तीच्या अंगावर लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं: या लेकराच्या हातून काम व्हायचं संपलं असेल, तर उजवीकडची पाकळी दे. आम्ही उभे राहिलो. पाकळी लगेच पडत नाही, ओल सुकावी लागते. तेवढा वेळ माझ्याकडे होता. एक वाक्य पुरलं असतं. देवळात भटजींखेरीज दुसरं कुणी नव्हतंसुद्धा. मी नारळाची शेंडी सोलत राहिलो.

उजवी पडली.

"बरें जालें," मेस्त म्हणाले. "देवान वेळार सांगलें."

आठवड्याभरात गॅरेज बंद करून ते पेडण्याकडे, पार्से गावी भावाच्या घरी राहायला गेले. मला त्यांनी आपल्या ओळखीने दुसरीकडे कामाला लावून दिलं. आता ते नाहीत. डिचोलीत अजून एखादा जुना मेकॅनिक भेटला की म्हणतो, मेस्तचा हात शेवटी गेला. नाही गेला. एवढ्यासाठी हे लिहितोय.

मी त्यांना सांगायला गेलो होतो. लग्नानंतर वर्षाने, ठरवून, पेडण्याची बस पकडून. ते मिरच्यांच्या मळ्यात उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. समोर बंद पडलेला डिझेलचा पंप, आणि त्यांची वहिनी कमरेला पदर खोचून तणतणत होती. "पळय रे हांकां! मिरसांगो सुकल्यो, तरी हात लायनात. देवाक हात दिलो, जीब मात दवरली!"

"वयनी, उतर दिलां देवाक, यंत्राक हात लावचों ना म्हूण," ते हसून म्हणाले, आणि मला बघून डोळे चमकले. "बांदेकारा! देवानच धाडलो तुका. खोल बगया. हवा धरल्या ताणें."

पाठीमागे हात बांधूनच ते वाकले, मान कलती करून सांगत राहिले. तो नट ढिला कर. अर्धो फेरो. फेस येता? येवं दी. आतां आवळ. मी हँडल मारलं, पंप धडधडला आणि पाटात पाणी आलं.

"तुजो हात बरो," ते म्हणाले. "म्हजो तितलो बरो आशिल्लो जाल्यार ती गाडी..."

मी तोंड उघडलं. जे सांगायला एवढ्या लांब आलो होतो, ते जिभेवर होतं.

"तुम्हीच शिकवलंत, मेस्त," मी म्हणालो.

ते खूश झाले. पाण्याबरोबर पाटाच्या कडेने चालत गेले. वाटेत पालापाचोळा अडकून पाणी तुंबलं, तो त्यांनी पायाच्या अंगठ्याने बाजूला केला. हात पाठीमागेच होते.