अठरा आकड्यावरची सही

घरातली मोठी सून म्हणून तिला सगळे थोरली म्हणत. धाकटा दीर तर ती दारात दिसली की ओरडायचा, "वहिनी आली, रक्त लपवा रे!" कारण हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. पेशंटची तोंडं तिला ठाऊक नसत, तिची ओळख नळ्यांशी. पण प्रत्येक नळीमागे कुणाच्या तरी घरचा कर्ता माणूस आहे हे ती विसरत नसे. कोट चढवताना देवाचं नाव घेई, मगच पहिल्या नळीला हात लावी. तिचा नियम एकच. दोन तपासण्या एकमेकींची साक्ष देत असतील तरच सही.

त्या दिवशी तो नियम मोडला.

शाळेच्या बसचा एक ड्रायव्हर तीन दिवसांपूर्वी हार्ट अटॅक येऊन दाखल झाला होता. शरीरात दाह किती आहे ते सांगणारी त्याची सीआरपी तपासणी काल शहाण्णव आली होती. तो आकडा वाढत गेला तर जिवाला धोका जास्त, हे वरचे डॉक्टर नेहमी सांगत. आज मशीनने अठरा दाखवलं. वॉर्डातून तिसऱ्यांदा फोन आला, "बाई, आज त्यांना घरी सोडायचंय, घरची माणसं दारात उभी आहेत, रिपोर्ट द्या ना!" पेशींची मोजणी अजून व्हायची होती. थोरलीने अठरावर सही करून कागद वर पाठवला.

अर्ध्या तासाने तिने त्याच माणसाच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि पेशी मोजू लागली. शंभरात लढाऊ पेशी नव्वद, आणि एरवी पंचवीस-तीस असणाऱ्या लिम्फोसाइट पेशी जेमतेम पाच. आग विझत आली म्हणावं, तर एवढी फौज कशाला जमली?

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांच्या जुन्या मशीनची ही खोड तिला माहीत होती. रक्तात सीआरपी बेसुमार झालं की मशीनमधलं तपासणीचं औषध पुरं पडत नाही, आणि आकडा वर जायच्या ऐवजी खाली येतो. अशा वेळी नमुना पातळ करून पुन्हा लावायचा असतो. तिने एक भाग रक्तद्रव आणि नऊ भाग सलाईन घेतलं. "देवा, थोडा वेळ त्याला वॉर्डातच अडकव," ती पुटपुटली.

मशीनने अठ्ठावीस दाखवलं. दसपट, म्हणजे दोनशे ऐंशी.

वॉर्डाचा फोन लागेना, म्हणून लिफ्टची वाट न बघता ती तीन मजले चढली. ड्रायव्हर शर्टाची बटणं लावत होता, बायको पिशवी भरत होती. मोठे डॉक्टर घरी सोडण्याच्या कागदावर सही करायला वाकलेच होते.

"थांबा डॉक्टर! माझा रिपोर्ट चुकलाय."

"बाई, मी ठणठणीत आहे," ड्रायव्हर हसला. "बस चालवून दाखवू?"

"आधी ही कॉट चालवा," डॉक्टर म्हणाले, पण नवा आकडा आणि पेशींची मोजणी पाहून त्यांचं हसू मावळलं. "मॉनिटर लावा. आज कुणी कुठे जायचं नाही."

बायको उसळली, "सकाळी एक सांगता, आता एक! आमच्या जिवाशी खेळ चाललाय का?"

चूक थोरलीचीच होती. "तुमचा राग बरोबर आहे," एवढंच ती म्हणाली, आणि खाली येऊन जुना रिपोर्ट रद्द करून त्याखाली स्वतःचं नाव लिहिलं.

दुपारी चार वाजता ड्रायव्हरच्या हृदयाचा ठोका बिघडला. मॉनिटर लावलेला होता, डॉक्टर-नर्स कॉटशीच होते, शॉक दिला, ठोका परत आला. संध्याकाळी बायको तळघर शोधत आली आणि दाराशीच उभी राहिली.

"बाई, वाचतील ना ते?"

थोरलीला हो म्हणावंसं फार वाटलं. "आकड्याला ते कळत नाही हो. तो एवढंच सांगतो, की नजर हटवू नका."

रात्रभर तिला झोप नाही. सकाळी त्याची नळी आली तेव्हा तिने नमुना तसाच लावला, पातळ करूनही लावला आणि पेशीही मोजल्या. पातळ नमुन्याने दोनशे दहा सांगितलं. लिम्फोसाइट पाचाच्या अकरा झाल्या होत्या. तिने वॉर्डाला फोन लावला. उचलला तो फोनशेजारीच वाट बघत बसलेल्या बायकोनेच.

"उतरतंय," थोरली म्हणाली, आणि दोनशे दहावर सही केली.